जुन्या जीपमध्ये नवं इंजिन टाकावं का? मामाजींची १९७४ ची जीप आणि मी

मागच्या दिवाळीत मामाजींच्या गावी गेलो तेव्हा कोठ्यातल्या जीपवर धानाची पोती रचलेली होती. गाव चामोर्शी तालुक्यातलं, जिल्हा गडचिरोली. जीप १९७४ ची. आजोबांनी ती १९८१ मध्ये सरकारी लिलावात घेतली, तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यामुळे जीपच्या जुन्या कागदांवर आमचं गाव अजूनही चंद्रपूर जिल्ह्यात आहे.

मामाजींनी मला बाजूला घेतलं आणि फोनवर एक फोटो दाखवला. अपघातात गेलेल्या एका गाडीतून काढलेलं डिझेल इंजिन. चंद्रपूरच्या एका मिस्त्रीने सांगितलं होतं, "तुमचं जुनं पेट्रोल इंजिन गेलं जी. हे कॉमन रेल टाकून देतो, गाडी नवीन होऊन जाईल."

"तू इंजिनिअर हायेस ना गा? सांग मंग, टाकू का?"

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. पण आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. त्याला मिक्सरही दुरुस्त करता यायला पाहिजे आणि जीपही. मग दिवाळीचे चार दिवस आणि नंतरचे बरेच वीकेंड मी याच विषयात घातले. त्यातून जे कळलं ते लिहितोय, कारण "इंजिन स्वॅप" म्हटलं की रील्समध्ये फक्त शेवटचे तीस सेकंद दिसतात: बोनेट बंद, स्टार्टर, धूर, टाळ्या.

स्वॅप म्हणजे नेमकं काय

तुमच्यापैकी अनेकांनी जुन्या फोनवर कस्टम रॉम टाकला असेल. फोन तोच, वरचं सॉफ्टवेअर नवं. फोन फास्ट होतो, पण कॅमेरा बिघडतो, बँकेचं अ‍ॅप उघडत नाही, फिंगरप्रिंट कधी चालतो कधी नाही. कारण रॉम एकटा नसतो. त्याच्या खाली ड्रायव्हर असतात, फर्मवेअर असतं आणि ते सगळं एकमेकांशी ठरलेल्या भाषेत बोलत असतं.

इंजिनाचंही तसंच आहे. ते क्लचला जोडलेलं असतं, क्लच गिअरबॉक्सला, गिअरबॉक्स ट्रान्सफर केसला, तिथून पुढे-मागे दोन प्रोपेलर शाफ्ट, मग डिफरन्शिअल, मग चाकं. शिवाय रेडिएटर, सायलेन्सर, वायरिंग, डिझेल किंवा पेट्रोलची लाइन. इंजिन बदललं की या प्रत्येक जोडणीवर प्रश्नचिन्ह लागतं.

आता जीपबद्दल थोडं. महिंद्राने १९४७ पासून अमेरिकन विलीस जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली. जुन्या विलीसला आपल्याकडे 'लो बोनेट' म्हणतात आणि नंतरच्या सीजे-३बी ला 'हाय बोनेट'. बोनेट उंच का झालं, तर आत इंजिन बदललं म्हणून! लो बोनेटमध्ये 'गो डेव्हिल' नावाचं साधारण २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. त्यात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. पुढे 'हरिकेन' आलं, ज्यात आत हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. इंजिन उंच झालं, बोनेट वर गेलं, आणि जीपचं नाक आपल्या ओळखीचं झालं.

म्हणजे कंपनीनेच पहिला स्वॅप केला होता. पुढेही हेच चाललं. महिंद्राने एका मॉडेलमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवलं. नंतर फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेऊन 'एक्सडीपी ४.९०' हे डिझेल इंजिन आणलं. इंजिनांसाठी इगतपुरीला कारखाना उभा राहिला. एमएम-५४० सारख्या जीपमध्ये हेच प्यूजोचं इंजिन असायचं. हिंदुस्तान मोटर्सने अ‍ॅम्बॅसडरमध्ये जुन्या ब्रिटिश इंजिनाच्या जागी इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन टाकलं, काँटेसातही तेच. तेव्हा "जुन्या गाडीत नवं इंजिन म्हणजे पाप" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की कारखान्यातले इंजिनिअर हे पाप पगार घेऊन करत होते. फरक इतकाच, की ते इंजिनाबरोबर बाकीच्या जोडण्याही बदलत होते आणि मग टेस्ट करत होते.

४.९० म्हणजे काय, आणि दोन इंजिनांचे स्वभाव

मला एक गोष्ट फार आवडली. 'एक्सडीपी ४.९०' या नावातच माहिती आहे: ४ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास म्हणजे बोअर ९० मिलिमीटर. पिस्टन वर-खाली जितकं अंतर कापतो तो स्ट्रोक ८३ मिलिमीटर. शाळेतलं सिलिंडरच्या घनफळाचं सूत्र लावा, ४ ने गुणा, उत्तर २११२ सीसी.

आता विलीसचं हरिकेन. बोअर ७९.४ मिलिमीटर, स्ट्रोक १११.१ मिलिमीटर. उत्तर साधारण २२०० सीसी. आकार जवळपास सारखा, स्वभाव वेगळा. हरिकेनचा स्ट्रोक लांब आहे. लांब हँडलच्या पान्याने नट सहज सुटतो ना, तसं लांब स्ट्रोकचं इंजिन कमी आरपीएमला जोर देतं. २००० आरपीएमच्या आसपास साधारण १५५ न्यूटन मीटर टॉर्क, आणि वर ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. बांधीतून, चिखलातून, ओढ्याच्या वाळूतून हळूहळू निघायला हे इंजिन बनलेलं आहे. महामार्गावर ते बिचारं धापा टाकतं.

मग लोकांनी ते काढलं का? सोपं आहे, पेट्रोल पितं म्हणून. आमच्या जीपने लिटरला सात-आठ किलोमीटरच्या वर कधी दिलं नाही. १९७३ नंतर जगभर तेल महागलं, आणि आपल्याकडे डिझेल कितीतरी वर्षं पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त ठेवलेलं होतं. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात आल्लापल्ली, एटापल्ली, भामरागडकडे माणसं वाहून पोट भरणाऱ्या जीपवाल्याला पेट्रोल इंजिन परवडणारच नव्हतं. त्यामुळे आज 'ओरिजिनल पेट्रोल हाय बोनेट' शोधायला गेलं तर दहा जीपचं बोनेट उघडावं लागतं. शौक म्हणून कोणी हे इंजिन काढलं नाही, रोजीसाठी काढलं. हे विसरून शहरातल्या माणसाने त्यांना नावं ठेवू नयेत.

मिस्त्रीने जे सांगितलं नाही

मिस्त्रीने दाखवलेलं इंजिन अडीच लिटरच्या कॉमन रेल डिझेलच्या जातीचं. तुलनेसाठी, २०१० मध्ये आलेल्या थार सीआरडीईमध्ये अडीच लिटरचं असंच इंजिन होतं: १०५ हॉर्सपॉवर, २४७ न्यूटन मीटर. आमच्या हरिकेनच्या दीडपटीहून जास्त टॉर्क. ऐकायला भारी.

आता हा टॉर्क जातो कुठे ते बघू. सीजे-३बी च्या तीन गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण २.८, लो रेंजचं २.४६ आणि डिफरन्शिअलचं ५.३८. तिन्हींचा गुणाकार साधारण ३७. म्हणजे लो रेंज पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क चाकांपर्यंत ३७ पट होऊन पोहोचतो (घर्षणात थोडा जातो तो सोडा). हरिकेनचे १५५ तिथे ५७०० च्या घरात जातात, नव्या इंजिनाचे २४७ नऊ हजारांच्या वर. गिअरचे दात, अ‍ॅक्सल शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट हे सगळं १९५० च्या दशकात पहिल्या आकड्यासाठी बनलेलं आहे. रस्त्यावर काही होणार नाही. चिखलात एक चाक अडकलं, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला, चाकाला अचानक पकड मिळाली, की "टक". सर्वात कमजोर कडी तुटते, आणि ती नेमकी गावापासून पंधरा किलोमीटरवर तुटते.

दुसरं, वेग. मामाजींना वाटत होतं की नव्या इंजिनाने जीप चंद्रपूरला झरझर जाईल. पण डिफरन्शिअल ५.३८ चंच राहणार. जीपच्या टायरचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटर. टॉप गिअरमध्ये २००० आरपीएमला वेग येतो तासाला ५० किलोमीटर. ८० ने जायचं तर ३२०० आरपीएम लागतात. पेट्रोल असो की डिझेल, इंजिन बदलल्याने हे गणित बदलत नाही. डिझेल इंजिन ३२०० वर तासभर ओरडत राहील आणि तुम्ही मूलला पोचेपर्यंत बहिरे व्हाल. वेग पाहिजे तर गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअल बदला. म्हणजे अजून एक जोडणी.

आणि समजा वेग मिळाला, तर थांबायचं कसं? जुन्या जीपला चारही बाजूंना छोटे ड्रम ब्रेक, बूस्टर नाही, एकच हायड्रॉलिक लाइन. धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५० वरून ८० वर गेलात तर वेग १.६ पट, पण ब्रेकला जिरवायची ऊर्जा २.५६ पट. रस्त्यात रानडुक्कर आलं की हा आकडा पायाला कळतो. माझं स्पष्ट मत: ज्याला इंजिन वाढवायचंय त्याने आधी ब्रेकचा खर्च काढावा. रीलमध्ये ब्रेक दिसत नाहीत म्हणून त्यावर कोणी पैसे घालत नाही.

तिसरं, ऊन. आपल्या चंद्रपूरचं नाव उन्हाळ्यात देशभर टीव्हीवर झळकतं. रेडिएटर किती उष्णता बाहेर फेकणार हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंश आणि हवा ३० असेल तर फरक ६०. मे महिन्यात हवा ४७ अंश असेल तर फरक ४३. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास २८ टक्के कमी काम करतो. त्यात जास्त ताकदीचं इंजिन जास्त उष्णता देणार, वर टर्बोचा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसून गरम हवा मागे ढकलणार. हिवाळ्यात केलेला स्वॅप हिवाळ्यात उत्तम चालतो. पास की नापास, ते मे महिन्यात कळतं.

इथे माझं क्षेत्र आलं: ईसीयू

हरिकेनला चालायला काय लागतं? पेट्रोल, हवा, वेळेवर ठिणगी. बस. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल. माझा स्मार्टफोन या इंजिनासमोर फक्त टॉर्च म्हणून उपयोगी पडला.

कॉमन रेल इंजिन वेगळं. त्यात एका नळीत डिझेल हजार बारच्याही वर दाबाने भरलेलं असतं (कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, म्हणजे अंदाज करा). इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा हे ईसीयू नावाचा कॉम्प्युटर ठरवतो, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात. त्यासाठी तो सतत विचारत राहतो: क्रँक कुठे आहे, कॅम कुठे आहे, रेलमध्ये दाब किती, पाणी किती गरम, पेडल किती दाबलं. शिवाय तो मूळ गाडीतल्या इतर कॉम्प्युटरशी कॅन बस नावाच्या वायरच्या जोडीवर गप्पा मारतो. चावीतली चिप ओळखीची आहे का, हे इमोबिलायझरला विचारतो.

आता हे इंजिन काढून जीपमध्ये ठेवलं. ईसीयू जागा होतो आणि हाका मारतो: "इमोबिलायझर?" उत्तर नाही. "गाडीचा वेग?" उत्तर नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एपीआय कॉल जातोय पण पलीकडे सर्व्हर नाही. मग तो एकतर चालूच होत नाही, किंवा 'लिम्प मोड'मध्ये जातो, म्हणजे ताकद कापून कसंबसं घरी पोचण्यापुरता चालतो. याचा इलाज आहे. मूळ गाडीची अख्खी वायरिंग, चावी, पेडल, सेन्सर, सगळं सोबत आणायचं, किंवा ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून घ्यायचे. दुसरं काम करणारा माणूस खरंच जाणकार आहे की कुठून तरी फाइल डाउनलोड करून टाकतोय, हे ओळखायला तुम्हाला स्वतःला ते यावं लागतं.

नव्या इंजिनाच्या बाजूनेही बोलतो. ते सहसा बिघडतच नाही. बिघडलं तर ओबीडी पोर्टला छोटा ब्लूटूथ डोंगल लावून फोनवर एरर कोड वाचता येतो. पार्ट्स तालुक्याच्या गावी मिळतात. हरिकेनचा एखादा पार्ट कुरिअरने यायला आठवडे जातात. आणि प्रदूषण? जुनं कार्ब्युरेटरवालं इंजिन धूर जास्त सोडतं, हे मान्यच करायला पाहिजे.

पण डिझेलच्या कॅनमध्ये थोडं पाणी गेलं, तर जुनं प्यूजो इंजिन खोकतं आणि चालतं. कॉमन रेलचे इंजेक्टर त्यात मरतात, आणि त्यांची किंमत ऐकून मालकही.

कायदा: इथे मामाजी गप्प झाले

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीमध्ये नोंदलेली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. सीएनजी किंवा बॅटरीसारख्या दुसऱ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवायची वाट कायद्यात आहे. इलेक्ट्रिक किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था अशा किटची तपासणी करतात. पण भंगारातून आणलेलं दुसऱ्याच मॉडेलचं इंजिन या वाटेत बसत नाही. परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंडाहून मोठी भीती वेगळी आहे. आरसीवर एक इंजिन, गाडीत दुसरं, आणि अपघात झाला. विमा कंपनीच्या हातात तुम्ही स्वतःच नकाराचं कारण दिलं. समोरचा माणूस जखमी असेल तर तो हिशोब घर-शेतीपर्यंत येऊ शकतो.

आणि ते इंजिन आलं कुठून? मी मिस्त्रीला फोन करून मूळ गाडीचा नंबर मागितला. "देतो जी" म्हणाला, अजून दिला नाही. तुम्ही असं इंजिन किंवा सेकंडहँड गाडी घेत असाल तर मूळ गाडीची आरसी मागा, एमपरिवाहन अ‍ॅपमध्ये नंबर टाकून रेकॉर्ड बघा, इंजिनावर ठोकलेला नंबर जुळवा आणि पक्की पावती घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या कोठ्यात सापडलं, तर "मला काय माहीत" हे उत्तर चालत नाही.

मग व्हिंटेजचा मुद्दा. १५ जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. नव्याने नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची खास नंबर प्लेट. आमची जीप १९७४ ची, म्हणजे २०२४ मध्येच पात्र झाली. पन्नास वर्षं इंजिन सांभाळलं, आणि नेमकं आता ते भंगारात द्यायचं?

हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. मामाजींनी विचारलं, "मंग त्या जीपनं धान आणता येते का?"

नाही येत. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई.

"मंग काय तिची पूजा करू काय गा?"

त्यांचं बरोबर होतं. पुण्यात बसून 'ओरिजिनल ठेवा' म्हणणं सोपं असतं. ज्याच्या घरची ती एकमेव चारचाकी आहे, त्याला चालणारी गाडी लागते.

आधी निदान, मग ऑपरेशन

इथपर्यंत आम्ही दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती: इंजिन गेलंय. कोड डीबग करताना मी ज्युनिअरला रोज सांगतो की आधी लॉग बघ. इथे मी स्वतःच लॉग बघितला नव्हता.

मग पोती उतरवली, बॅटरी बदलली आणि कॉम्प्रेशन टेस्ट केली. ही टेस्ट सोपी आहे. सगळे स्पार्क प्लग काढायचे, एकेका भोकात गेज लावायचा, स्टार्टरने इंजिन फिरवायचं. सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते कळतं. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर ११० ते ११५ पीएसआय. तिसरा ४५.

आता खरी गंमत. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. वाढला नाही तर हवा व्हॉल्व्हमधून निसटतेय. (शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी दिसले तर हेड गॅस्केटवर संशय घ्यायचा.) आमचा आकडा ४८ झाला. म्हणजे व्हॉल्व्ह.

हेड उघडलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळून खाचलेला. कारण साधं होतं: कित्येक वर्षांत कोणी टॅपेट सेट केले नव्हते. व्हॉल्व्हच्या खालची फट कमी होत गेली, व्हॉल्व्ह पूर्ण बसेना, प्रत्येक स्फोटाची आग त्या बारीक फटीतून जात राहिली. फिलर गेज आणि अर्ध्या दिवसाचं काम वेळेवर झालं असतं तर हे घडलंच नसतं. चंद्रपूरच्या एका मशीन शॉपमध्ये सीट घासून घेतली, नवीन व्हॉल्व्ह आणि गॅस्केट सेट मागवला. खर्च मिस्त्रीने स्वॅपचा सांगितलेल्या आकड्याच्या पाव हिस्साही आला नाही. "इंजिन गेलं" म्हणणाऱ्याने गेज लावून बघितलं नव्हतं, एवढंच.

बाकी जे बदलले ते सगळे मागे घेता येतील असे ठेवले. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, कारण हेडलाइट मेणबत्तीसारखे जळायचे. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बाहेरून काही दिसत नाही. सीटबेल्ट. आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, पंपाच्या डायफ्रामसकट. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हा त्रास जास्त. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बाजारात मिळतात, फार महाग नाहीत. जुनी पेट्रोल गाडी किंवा आजोबांची बाइक असेल तर हे काम आधी करा. जुने पार्ट एका पेटीत, तेल लावून, नाव लिहून ठेवलेत. सॉफ्टवेअरवाल्याची सवय, रोलबॅक करता आला पाहिजे.

नोंदणी व्हिंटेजमध्ये नेली नाही. नेहमीचंच नूतनीकरण करणार आहोत. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीला त्याची फी १०,००० रुपये झाली आहे, वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. महाग आहे, पण धान आणता येतं, आणि इंजिन मूळचंच असल्यामुळे उद्या व्हिंटेजची वाटही उघडी राहते.

हे उत्तर मी प्रत्येकाला देणार नाही. कोणाकडे १९९० ची एमएम-५४० असेल, प्यूजोचा ब्लॉक तडकला असेल, तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन पावतीसह आणून आरटीओत नोंद करून घेणं हेच शहाणपणाचं. ताडोब्याच्या गेटवर उभ्या जिप्सींमध्येही हाच फरक बघा: १९८५ च्या पहिल्या जिप्सीत एक लिटरच्या आतबाहेरचं इंजिन होतं, १९९६ पासून १.३ लिटरचं. जुन्या जिप्सीत १.३ टाकणं तांत्रिकदृष्ट्या जीपमध्ये कॉमन रेल टाकण्यापेक्षा कितीतरी सोपं, कारण घराणं एकच. आरसीची अट मात्र तिथेही सुटत नाही. आणि ज्याच्याकडे मूळ इंजिन आधीच पन्नास वर्षांपूर्वी भंगारात गेलंय, त्याने 'ओरिजिनल'च्या नादात झोप का घालवावी?

महाशिवरात्रीला मामाजींनी जीप मार्कंड्याच्या जत्रेला नेली. घरचे सात जण, मागे डबे. वैनगंगेच्या काठापर्यंत ताशी चाळीसच्या वर गेली नाही म्हणे, आणि तिसरा सिलिंडर व्यवस्थित बोलत होता. डिझेल इंजिनाचा तो फोटो त्यांच्या फोनमध्ये अजून आहे. परवा रात्री त्यांचा फोन आला.

"का गा, समोर डिस्क ब्रेक बसवले तर आरटीओ काही म्हणते काय?"

सध्या मी ते वाचतोय.